फिरत्या शिफ्टमध्ये भाषेचा अभ्यास नियमित कसा ठेवायचा?

कोपरखैरणेची सिस्टर –

नमस्कार मंडळी. मी स्टाफ नर्स आहे. घर कोपरखैरण्यात, ड्युटी ठाण्यात घोडबंदर रोडच्या बाजूला एका खासगी हॉस्पिटलमध्ये. जर्मनची ए२ पातळी झाली आहे, आता त्यापुढची बी१ परीक्षा द्यायची आहे. जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळायला त्याच्याही पुढची बी२ लागणार हे माहीत आहे, पण आधी हे तर होऊ दे.

माझी ड्युटी फिरती आहे. एक आठवडा मॉर्निंग, मग ईव्हनिंग, मग नाइट. नाइट संपली की ऑफ, की पुन्हा मॉर्निंग. ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी एकच सांगितलं: रोज ठरावीक वेळेला बसा, पहाटे पाचला उठा, सवय लागते. नाइटच्या आठवड्यात पहाटे पाचला मी वॉर्डात ब्लड सॅम्पल काढत असते. ईव्हनिंगला नऊला पुढच्या सिस्टरला ओव्हर देऊन (पेशंटची माहिती सांगून) निघाले तरी कापूरबावडीहून शेअर रिक्षा, मग ठाण्याला वाशी नाहीतर पनवेल लोकल, आणि घरी पोचेपर्यंत साडेदहा वाजतात. मॉर्निंगला चारच्या सुमारास घरी येते, तेव्हा मुलगी शाळेतून आलेली असते. चौथीत आहे. सासूबाईंची मदत पुष्कळ असते, पण त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे मी घरी असले की संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे. मिस्टर उरणला कंटेनर यार्डात आहेत, ते आठच्या पुढे येतात. घर वन बीएचके, हॉलमध्ये टीव्ही.

एका क्लासची ऑनलाइन बॅच लावली होती, सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सात ते साडेआठ. ईव्हनिंगला तेव्हा मी वॉर्डात असते आणि नाइटला घरातून निघायच्या गडबडीत. म्हणजे तीन आठवड्यांतला एकच आठवडा हाताशी. रेकॉर्डिंग मिळतं, पण ती साठत जातात आणि साठलेली बघायला सुट्टीचा दिवस पुरत नाही.

लोकलमध्ये मी फोनवर शब्द करते. ते बरे चालले आहेत. पण घरी वही घेऊन ऐंशी शब्दांचा ईमेल लिहायला बसले की एकेक शब्द ओळखीचा असूनही वाक्य उभं राहत नाही. इतके शब्द येतात, मग लिहिता का येत नाही, हे मला कळत नाहीये.

तर ज्यांची ड्युटी फिरती आहे त्यांनी हे कसं बसवलं? ‘इच्छा असली की वेळ मिळतो’ असं कृपा करून सांगू नका. इच्छा आहे. कोणत्या शिफ्टला काय केलंत ते सांगा. आणि तीन महिन्यांत बी१ द्यायचं मनात आहे, ते जमण्यासारखं आहे का, तेही जाणकारांनी सांगावं.


वाशी सेक्टर १७ –

सिस्टर, मी कॉलेजला आहे, त्यामुळे शिफ्टबद्दल मला बोलता येणार नाही. फोनवरच्या शब्दांबद्दल मात्र सांगतो, कारण अँकी हे शब्दकार्डांचं ॲप मी रोज वापरतो. त्यात रोज 20 नवीन कार्डं असं सेटिंग आधीपासून केलेलं असतं. ते तसंच ठेवलं तर काही आठवड्यांतच रोजची उजळणी दीडशेच्या वर जाते, आणि एक आठवडा चुकला की परत ॲप उघडायची हिंमत होत नाही. तुमच्या नाइटच्या आठवड्यात नवीन कार्डं शून्य करा, फक्त जुनी करा. मॉर्निंगच्या आठवड्यात आठ-दहा नवीन ठेवा. सेटिंग बदलायला अर्धं मिनिट लागतं.

दुसरं म्हणजे डॉइच्च वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या बातम्या. ते सावकाश वाचलेल्या जर्मन बातम्या देतात, सोबत लिहिलेला मजकूरही असतो. घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. ठाण्याला चढताना फोन हातात धरता येत नाही, पण कान मोकळे असतात.


रबाळे थर्ड शिफ्ट –

ताई, मी रबाळ्याला एमआयडीसीत एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. फर्स्ट, सेकंड, थर्ड, तिन्ही शिफ्ट फिरत्या. आमची मशिनं जपानी आहेत. त्यांचे इंजिनियर आले की ते काय बोलतात ते आपल्याला थेट समजावं, मधे दुभाषा नसावा, एवढ्यासाठी जपानी सुरू केलं. जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची एन३ पातळी पास आहे, त्यापुढच्या एन२ची तयारी चालू आहे. तुमची अडचण मला तंतोतंत माहीत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

‘रोज एकाच वेळी’ हा सल्ला जनरल शिफ्टवाल्यांचा आहे आणि त्यांच्यापुरता तो खराच आहे. आपल्याला घड्याळ धरून चालता येत नाही, ड्युटी धरून चालावं लागतं. शिफ्ट कुठलीही असो, काही गोष्टी होणारच असतात. ड्युटी सुटते, कपडे बदलतो, जेवतो, झोपतो. यांतल्या एकीला अभ्यास बांधून टाकायचा. माझा अभ्यास पंच आउट केला की सुरू होतो, मग दुपारचे साडेतीन असोत, रात्रीचे बारा असोत की सकाळचे सात. कँटीनच्या मागे सिमेंटचा बाक आहे, वर ट्यूबलाइट आहे. तिथे अर्धा तास बसतो आणि मगच बाइक काढतो. घरी गेल्यावर बसू, असं मी कधीच ठरवत नाही. घरात शिरलो की मी घरच्यांचा. तसंच असावं, असं माझं मत आहे.

तुमच्या बाबतीत रात्री नऊ वाजता हॉस्पिटलमध्ये थांबणं बरोबर नाही, आधीच साडेदहा होतात. ईव्हनिंगला उलटं करा. दोनची ड्युटी असेल तर एकच्या सुमाराला पोचा आणि चेंजिंग रूममध्ये किंवा कँटीनमध्ये बसून अभ्यास करून मग युनिफॉर्म घाला. मॉर्निंगला सुटल्यावर बसा. घरी चारऐवजी साडेचारला पोचाल, तेवढं घरच्यांना सांगून ठेवा. सांगून ठेवणं महत्त्वाचं आहे, नाहीतर रोज अर्ध्या तासाचा हिशोब द्यावा लागतो आणि महिन्याभरात आपणच कंटाळून सोडून देतो.

आता कोणत्या शिफ्टला काय. तिन्ही आठवड्यांना सारखा अभ्यास लावायचा नाही, ही माझी पक्की खात्री झाली आहे. सेकंड शिफ्टची सकाळ सोन्यासारखी असते. पोरं शाळेत, बायको ऑफिसला, घर शांत, आणि आपली झोप झालेली. नवीन व्याकरण, लिहिणं, मोठ्याने वाचणं, म्हणजे ज्याला ताजं डोकं लागतं ते सगळं त्या आठवड्यात. तुमचा ईव्हनिंगचा आठवडा तसाच आहे. मुलगी शाळेत गेल्यापासून तुम्ही घरातून निघेपर्यंतचा वेळ बघा, त्यातला एक तास कुणालाही देऊ नका. फर्स्ट शिफ्टला मध्यम कामं: ऐकणं, धडा वाचणं, सुटं सुटं लिहिणं. थर्डला नवीन काहीही नाही, फक्त जुनं. मी तर थर्डच्या आठवड्यात पुस्तक उघडतही नाही.

थर्डवरून आल्यावर मात्र एक गोष्ट करतो. आंघोळ, नाश्ता झाला की आडवं व्हायच्या आधी दहा मिनिटं जुनी कार्डं. 1924 साली जेन्किन्स आणि डॅलनबाख या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ करून लगेच झोपलं तर जागं राहण्यापेक्षा कमी विसरायला होतं. प्रयोग दोनच विद्यार्थ्यांवर होता, पण झोपेचा स्मरणाला उपयोग होतो हे नंतरही अनेकांनी दाखवलं आहे. माझाही अनुभव तोच. थकव्यामुळे नवीन आत जात नाही, पण जुनं पक्कं होतं. नाइटला तुम्ही याहून जास्त काही करू नका. झोप मोडून केलेला अभ्यास आमच्याकडे मशिनवर बोटं घालवतो, तुमच्याकडे तर पेशंट आहे.

कार्डांचं सांगतो. शॉप फ्लोअरवर आम्हाला फोन नेता येत नाही, म्हणून माझं सगळं कागदावर आहे. तुम्हालाही वॉर्डात फोन काढता येत नसणार. जुन्या चेकशीटची मागची बाजू कोरी असते. त्याच्या पत्त्यांएवढ्या चिठ्ठ्या कापतो. एका बाजूला कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षर, मागे देवनागरीत उच्चार आणि त्या कांजीचं आमच्या कामातलं एक वाक्य. नुसता शब्द लिहीत नाही, वाक्यच लिहितो. बेअरिंगचे रिकामे पाच खोके घेतले आहेत. आलेली चिठ्ठी पुढच्या खोक्यात, चुकलेली परत पहिल्या खोक्यात. पहिला खोका रोज, दुसरा एक दिवसाआड, आणि पाचवा महिन्यातून एकदा निघतो. ही युक्ती माझी नाही, सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन विज्ञानपत्रकाराने 1972 साली लिहून ठेवलेली आहे. निघताना आजच्या चिठ्ठ्या रबर लावून शर्टच्या खिशात टाकतो. मशीन ट्रायलवर असतं तेव्हा पाच-सात मिनिटं उभं राहावंच लागतं, तेव्हा चार चिठ्ठ्या होतात. कडेला ग्रीसचे अंगठे उमटलेले आहेत, आणि त्यावरून कळतं कुठली चिठ्ठी किती वेळा चुकली.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. उद्या काय करायचं ते आजच ठरवा आणि कागदावर लिहा. बारा तास उभं राहून आलेल्या माणसाला अभ्यास जड जात नाही, काय करू हे ठरवणं जड जातं. पुस्तक काढू, व्हिडिओ बघू, की मागचं राहिलेलं करू? त्यातच अर्धा तास निघून जातो. मी बाकावरून उठताना शेवटच्या मिनिटाला उद्याची ओळ लिहितो: ‘धडा 14, पान 92, फक्त वाचणे आणि तीन वाक्यं.’ दुसऱ्या दिवशी विचार करायचाच नाही, तेवढं करायचं. ओळ लहान ठेवायची, कारण मोठी झाली की पुढे ढकलली जाते.

आणि तुमच्या ईमेलबद्दल. ताई, लोकलमध्ये शब्द होतात, वाक्य तिथे होत नाही. ओळखणं वेगळं आणि स्वतः बनवणं वेगळं. जेएलपीटीत बोलणं आणि लिहिणं विचारतच नाहीत, सगळे पर्यायांचे प्रश्न असतात. त्यामुळे माझ्यासारखी पुष्कळ माणसं परीक्षा पास होतात आणि समोर जपानी माणूस आला की गप्प उभी राहतात. ते टाळायचं म्हणून आठवड्यातून एकदा मी दार लावून तास-दीड तास बसतो. फोन बाहेर. तुकड्यातुकड्यांनी केलेलं त्या बैठकीत एकत्र येतं. ती बैठक कुठल्या वारी हे शिफ्टप्रमाणे बदलतं, पण आठवडा तिच्याशिवाय जाऊ देत नाही. घरात जागा नसेल तर जवळची अभ्यासिका शोधा. मुलं स्पर्धा परीक्षेला बसलेली असतात, त्या वातावरणात आपलंही काम होतं.


नौपाड्यात जर्मन शिकवते –

मी घरी लहान बॅचेस घेते, त्यात गेल्या काही वर्षांत नर्सेस बऱ्याच आहेत. आधी तीन महिन्यांचं बोलू.

गोएथे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपल्याकडचं मॅक्स म्युलर भवन, अगदी सुरुवातीपासून बी१पर्यंत 45 मिनिटांचे साधारण 350 ते 650 तास धरतं. ए२साठी तोच आकडा 200 ते 350 आहे. म्हणजे तुला अजून 150 ते 300 तास हवेत, आणि घड्याळाच्या तासांत सांगायचं तर 110 ते 225. फिरत्या ड्युटीत आठवड्याला चार तास मनापासून झाले तर ते पुष्कळ आहेत. त्या वेगाने साडेसहा महिने ते वर्षभर, थोडं वरही. तीन महिने विसर. हे निराश करायला सांगत नाही. माझ्याकडच्या ज्या मुलींनी तीन महिन्यांची घाई धरली त्यांची ड्युटी, घर आणि अभ्यास, तिन्हींची ओढाताण झाली. ज्यांनी वर्ष धरलं त्या शांतपणे पोचल्या.

बी१ची परीक्षा चार भागांत असते आणि तुझ्यासारखीला हे फार सोयीचं आहे. वाचन 65 मिनिटं, ऐकणं साधारण 40, लेखन 60, आणि बोलणं जोडीने सुमारे 15 मिनिटं. प्रत्येक भाग 100 गुणांचा, पास व्हायला 60. हे चारही भाग वेगवेगळ्या वेळी देता येतात, आणि राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. तेव्हा वाचन आणि ऐकणं आधी दे. त्यांची तयारी लोकलमध्ये आणि चेंजिंग रूममध्ये होण्यासारखी आहे. लेखन आणि बोलणं नंतर, ईव्हनिंगचे दोन-तीन आठवडे त्यालाच वाहून. फक्त एजन्सीमार्फत जाणार असशील तर त्यांना चारही भाग एकदम हवेत का, ते आधी विचारून घे.

लेखनात तीन कामं असतात. ओळखीच्या माणसाला ईमेल साधारण 80 शब्दांचा, एका विषयावर स्वतःचं मत तेवढ्याच शब्दांत, आणि एक छोटा औपचारिक ईमेल 40 शब्दांचा. यात सुंदर लिहायला कुणी सांगत नाही. विचारलेल्या प्रत्येक मुद्द्यावर बोललीस का, वाक्यं एकमेकांना जोडलेली आहेत का, क्रियापद जागेवर आहे का, एवढं बघतात.

क्रियापदाचं थोडं सांगते, कारण तुझं वाक्य उभं राहत नाही ते बहुतेक तिथेच अडत असणार. मराठी मुलींना ‘वाइल’ची वाक्यं लवकर जमतात. ‘वाइल इश नाख्टडीन्स्ट हाबे’, कारण मला नाइट आहे. क्रियापद शेवटी, अगदी मराठीसारखं. घोटाळा होतो तो साध्या वाक्यात. तिथे क्रियापद दुसऱ्या जागी हवं: ‘हॉयटे हाबे इश नाख्टडीन्स्ट’, आज मला नाइट आहे. आपली जीभ ते ‘हाबे’ उचलून शेवटी नेते. मग मनात शंका येते, आणि शंका आली की पेन थांबतं. यावर उपाय एकच, साधी वाक्यं रोज हाताने लिहिणं. तीनच लिही, पण ‘आज’, ‘काल’, ‘सकाळी’, ‘वॉर्डात’ अशी सुरुवात बदलून लिही, म्हणजे क्रियापद दुसऱ्या जागी ठेवायची हाताला सवय होते.

आणि तुझ्याकडे अशी एक गोष्ट आहे जी माझ्या इंजिनियर विद्यार्थ्यांकडे नाही. तू रोज ओव्हर देतेस. तीच माणसं, तीच रचना, तेच शब्द: ताप, ड्रेसिंग, सलाइन, कालपासून, जेवणाआधी. ओव्हर देऊन झाली की लॉकरपाशी एका पेशंटची ओव्हर मनातल्या मनात जर्मनमध्ये दे. ‘डेअर पाटिएंट हाट झाइट गेस्टर्न फीबर’, पेशंटला कालपासून ताप आहे. नाव, बेड नंबर नको, फक्त तक्रार आणि काय केलं ते. चार वाक्यं पुरे. याला वेगळा वेळ लागत नाही, आणि तिकडे गेल्यावर पहिल्याच दिवशी हेच लागणार आहे. माझ्याकडच्या एका सिस्टरचं बोलणं याच सवयीने सुटलं. क्लासमध्ये ती तोंड उघडत नसे.

रबाळेवाल्यांनी शिफ्टप्रमाणे अभ्यास वाटून दिला आहे तो मला पटला. एकाच गोष्टीत माझं मत वेगळं. नाइटच्या आठवड्यात पुस्तक बंद ठेवा, पण ऐकणं बंद करू नका. परत जाताना लोकलमध्ये दहा मिनिटं जर्मन कानावर पडू दे, समजलं नाही तरी चालेल. आठवडाभर कान कोरा राहिला की पुढच्या आठवड्यात पहिले दोन दिवस नुसते सूर जुळवण्यात जातात.


आधी कळव्यात, आता जर्मनीत –

सिस्टर, मी तुझ्या जागी होते, म्हणून एक वेगळी गोष्ट सांगते. सगळे जण तुला तुझ्या वेळेत कुठे फट आहे ते शोधून देत आहेत. पण रोस्टर आकाशातून पडत नाही, ते कुणीतरी माणूस बसून लावतं. परीक्षेच्या आधीच्या दोन महिन्यांसाठी मी मेट्रन मॅडमना लेखी अर्ज दिला: नाइट नको असं नाही, पण नाइट एकत्र द्या आणि ईव्हनिंग जास्त द्या. ईव्हनिंग कुणालाच नको असते, त्यामुळे त्या खूश झाल्या. मला सगळ्या सकाळी मिळाल्या. शिवाय दोघी मैत्रिणींशी अदलाबदल ठरवली होती, त्यांच्या सणावाराच्या ड्युट्या मी घेतल्या.

बी२पर्यंतचा जोर मात्र इकडे येण्याआधीच लाव. मान्यता मिळेपर्यंत इकडे बऱ्याच जणी सहायक म्हणून काम करतात, आणि दिवसभर ते काम करून संध्याकाळी पुन्हा भाषा, हे तुझ्या आत्ताच्या रुटीनपेक्षा सोपं नाही. आणि इकडे सासूबाई नसतात.


वर्तकनगरची आई –

घरच्या बाजूने लिहिते. मी बँकेत आहे, संस्कृतचा पदवी अभ्यासक्रम नोकरी सांभाळून पुरा केला. मुलीला शेजारी बसवून दोघींचा अभ्यास एकदम करा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो घेऊ नका. चौथीतलं मूल दर दोन मिनिटांनी काहीतरी विचारतं, विचारायलाच हवं त्याने. त्यात तिचाही होत नाही आणि तुमचाही. तिच्यासोबतचा वेळ तिचा, तुमचा वेगळा.

आणि तुमचा वेळ मिस्टरांकडून मागून घ्या, उरलासुरला नको. आठवड्यातून एक ठरलेली संध्याकाळ, जेव्हा स्वयंपाक तुमच्याकडे नाही. ते करतील किंवा पोळ्या बाहेरून येतील. आमच्याकडे बुधवार होता. पहिला महिना कुरकुर झाली, नंतर बुधवार हा घराचाच नियम झाला. सासूबाईंना मात्र आधी विश्वासात घ्या. तुम्ही दार लावून काय करता ते त्यांना कळलं की बाहेरच्यांना त्याच सांगतात, ती अभ्यासाला बसली आहे, नंतर फोन करा.


कोपरखैरणेची सिस्टर –

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

ठरवलं ते सांगते. तीन महिने रद्द. मॅडम, तुमच्या हिशोबाने वर्ष धरते आणि वाचन, ऐकणं आधी देते. एजन्सीला फोन केला, त्यांना चारही भागांची सर्टिफिकेटं हवीत, पण वेगवेगळ्या तारखांची चालतील म्हणाले. ईव्हनिंगच्या आठवड्यात सकाळी मुलगी गेल्यावर एक तास. सासूबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या त्या वेळात टीव्हीचा आवाज बंद. मेट्रन मॅडमशी अजून बोलले नाही, पुढच्या महिन्याचं रोस्टर लागायच्या आधी बोलेन. लोकलमध्ये शब्दांसोबत आता बातम्या ऐकते.

ओव्हरची गोष्ट परवा लगेच करून बघितली. ड्रेसिंगचं वाक्य अर्ध्यावर अडलं, ‘बदललं’ कसं म्हणायचं तेच आठवेना. घरी येऊन शोधलं आणि वहीत लिहिलं. हा शब्द आता मी विसरणार नाही असं वाटतं, कारण तो माझ्या पेशंटचा आहे.

रबाळे दादा, एक विचारायचं राहिलं. शिफ्ट बदलते तो दिवस तुम्ही काय करता? नाइट संपवून सकाळी घरी येते, दिवसभर झोपते, रात्री झोप येत नाही, आणि ऑफ संपला की मॉर्निंगला पहाटे उठायचं. माझा अभ्यास दर वेळी तिथेच तुटतो.


रबाळे थर्ड शिफ्ट –

त्या दिवशी अभ्यास ठेवूच नका, ताई. मी ठेवत नाही. तो दिवस झोप सरळ करायचा. थर्ड संपवून आलो की दुपारपर्यंतच झोपतो, गजर लावून उठतो, संध्याकाळी पोरांना घेऊन घणसोलीच्या बाजारात चालत जातो, आणि रात्री वेळेवर आडवा होतो. दिवसभर झोपलात तर पुढचे तीन दिवस जातात, अभ्यासाचेही आणि ड्युटीचेही.

त्या संध्याकाळी एकच काम करायचं. पुढच्या आठवड्याचं रोस्टर समोर घ्यायचं आणि प्रत्येक ड्युटीखाली पेन्सिलीने त्या दिवसाची ओळ लिहायची. पहिल्या दिवसाची ओळ सगळ्यात सोपी ठेवा, आधी केलेल्या धड्याचीच. ‘बदललं’चं वाक्य लिहिलंत ना वहीत, तेच पहिल्या दिवशी घ्या आणि मॅडम म्हणाल्या तसं सुरुवात बदलून तीनदा लिहा.


नौपाड्यात जर्मन शिकवते –

आणि ती तीन वाक्यं इथे टाक. क्रियापद कुठे बसलंय ते मी बघून सांगते.